बारकीचा गोळा

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला सूचनांचा कागद मी वाचून दाखवला, कारण बारकीच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि सूनबाई भांडी घासत होती. मला अक्षरं उशिरा आली. बारकी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या शेजारी बसून, तिच्याच पाटीवर मी गिरवायला शिकलो. त्यामुळे अजूनही प्रत्येक शब्दापाशी थांबून, त्याची ओळख पटली की मगच मी पुढे सरकतो.

“नाक... शिंकरू नये. शिंक आल्यास... तोंड उघडे ठेवून शिंकावे. नळीने ओढून... काही पिऊ नये. फुगे... फुगवू नयेत.”

“आबा,” बारकी बोळ्यातून म्हणाली, “तुमचं वाचून होईपर्यंत मला नवी दाढ येईल.”

“अक्कलदाढ काढून आली, पण जीभ आहे तिथेच आहे,” सूनबाई नळापासून ओरडली.

बारकी म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं. आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझा मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. बारकी काचेच्या कारखान्यात काम करते, आणि त्याच कारखान्यात माझा जन्म गेला. भट्टीतला वितळलेला काचेचा रस लोखंडी नळीच्या टोकाला गुंडाळून घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचा, आणि फिरवत फिरवत त्याला आकार द्यायचा. मग तो पेला असो, बरणी असो नाहीतर दिव्याचा गोळा. माझ्या मुलाने नळीला कधी हात लावला नाही, त्याला धग सोसायची नाही. बारकीला धग नसली तर करमायचं नाही.

दाढेने वेळ मात्र वाईट गाठली. त्याच महिन्यात बारकीला गोळा करायचा होता.

आमच्या नदीवरच्या पुलाला दोन्ही अंगांनी दिव्यांचे खांब आहेत, आणि प्रत्येक खांबावर दुधी काचेचा मोठा गोळा. ते सगळे गोळे मी तरुणपणी फुंकलेले. मागच्या वादळात त्यातला एक फुटला. नगरपालिकेने नवा मागितला, तेव्हा आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, “या खेपेला बारकी करील.” एवढा मोठा नग तिने कधी केला नव्हता. आमच्याकडे असा नग जो पार पाडतो, त्याला मोठ्या भट्टीसमोरचा बाक मिळतो. त्या बाकावर बसायला माणसं अर्धं आयुष्य वाट बघतात.

आणि खूण होती. कारखान्याचा जुना नियम असा, की नगात पहिली फुंक ज्याने घातली, त्याने काच गरम असतानाच आपला ठसा तिच्यावर उमटवायचा. कामगारांना सही करता येत नव्हती त्या काळातली ही रीत. माझा ठसा चंद्रकोरीचा. बारकीने शिकाऊ असतानाच आपला करून घेतला होता, एक लहानसं पान. पेल्यांवर, बरण्यांवर तिने ते पान भरपूर उमटवलं, पण तिचा डोळा पुलावर होता. गोळ्यावरची खूण मानेपाशी असते आणि वर बसवताना पितळी पट्टीखाली जाते, खालून कुणाला दिसत नाही. हे ठाऊक असूनही शाळेत असताना ती पुलावरून मान वर करून चालायची आणि लोकांवर आदळायची.

“फुगे फुगवू नयेत,” मी कागदावर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

“मी कशाला फुगे फुगवू?” बारकी म्हणाली. “वाढदिवस आहे का कुणाचा?”

मीही मान डोलावली. अशी चूक आमच्या धंद्याबाहेरचा माणूस करणार नाही. बाहेरच्याला वाटतं की काच फुंकायला छाती लागते. तसं नसतं. छातीने फुंकलं तर काच फाटते. आम्ही गालात जराशी हवा धरतो आणि ती नळीत ढकलतो, बस्स. गरम चहावर फुंकर घालावी तितकाही जोर त्यात नसतो. त्यामुळे आमच्यापैकी कुणी त्याला फुंकण्यात धरतच नाही. सर्दी असो, ताप असो, नळी चालू.

गालाची सूज थोडी उतरली तशी बारकी कामावर गेली आणि दुपार व्हायच्या आत परत आली.

“काय झालं गं?”

“माझ्या नाकाने शिट्टी वाजली.”

“काय?”

“पेला फुंकत होते. हवा नळीत जायच्या ऐवजी वर गेली आणि नाकातून शिट्टी घालत बाहेर आली. तो लंबू जमिनीवर लोळायचा बाकी होता हसून.”

लंबू म्हणजे तिच्याच वयाचा कारागीर. हात चांगला आहे त्याचा, आणि उंची एवढी की कारखान्याच्या दारातून वाकून येतो. मलाही हसू आलं होतं, पण सूनबाईने तिच्यासमोर कोमट चहा ठेवला आणि पहिल्याच घोटाला तो चहा बारकीच्या नाकातून टपकला. सूनबाईने असा काही आवाज काढला की शेजारीण दार न ठोकता आत आली. रात्रीतून बारकीच्या डोळ्याखाली ठणका लागला. सकाळी तोंडाला घाण वास यायला लागला, आणि मग हसणं राहिलं बाजूला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला एक घाव दोन तुकडे. आरसा तोंडात घालून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

“काय फुगवलंत?”

“काही नाही,” बारकी म्हणाली.

“काहीतरी फुगवलंय.”

“पेला.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं समजावून सांगितलं. छातीचा जोर कसा नसतो, नुसती गालातली हवा कशी असते, आणि दाखवायला म्हणून मी गालात हवा धरली. त्यांनी दोन बोटं माझ्या गालावर ठेवली आणि दाबली. माझ्या ओठांतून पुर्रकन आवाज निघाला.

“हा कसला दाब?” त्यांनी विचारलं. “हाच तर नको होता. नेमका तोंडातला.”

त्यांनी मग कवटीचा एक प्लॅस्टिकचा नमुना पुढे ओढला आणि दाखवलं. वरच्या अक्कलदाढेची मुळं गालाच्या हाडातल्या एका पोकळीच्या तळाला टेकतात, आणि ती पोकळी नाकात उघडते. बारकीची दाढ निघाली तेव्हा मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढं काहीतरी उरलं होतं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी जमून तिचं बूच बसलं होतं, ते भरून आलं असतं. “ते बूच तुम्ही पेल्यात फुंकलंत,” त्या म्हणाल्या. “आता भोक उघडं आहे आणि पोकळीत पू झालाय.”

“मग आता?” बारकीने विचारलं. तिचा आवाज नाकातून येत होता.

“आधी औषध, आणि पोकळी धुवायची. पू गेला की हिरडीची एक पट्टी ओढून भोकावर शिवून टाकते. त्यानंतर दीड महिना नळी तोंडाला लावायची नाही. तो टाका सुटला तर पुढचं सोपं नाही.”

“दीड महिना?” बारकी खुर्चीत उठून बसली. “महिनाअखेर आमची मोठी भट्टी विझवायची आहे. नवी बांधायला निम्मं वर्ष जाईल.”

“भट्टी परत बांधता येते,” डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या. “तोंडाचं तसं नाही.”

त्यांचं काही चुकत नव्हतं. येताना बारकी माझ्यापुढे चालत होती, आणि मी तिच्या पाठीकडे बघत मागून येत होतो.

शिवून झाल्यावर तिचा चेहरा असा सुजला, की आरशात बघून ती म्हणाली, “कोण ही बाई? आमच्याकडे कशाला आलीये?” सूनबाई तिला पातळ सूप चमच्याने भरवायची आणि ती दातांच्या फटीतून ते आत ओढायला गेली की चमचा डोक्यात बसायचा. “ओढू नकोस म्हणून सांगितलंय ना! जिभेवर पडू दे, आपलं आपण जाईल.” जबडा बोटभरसुद्धा उघडत नव्हता. तरी तिने एकदाही हाय केलं नाही. दर दोन तासांनी मिठाच्या पाण्याने तोंड भिजवायचं, चूळ न भरता मान खाली घालून पाणी पडू द्यायचं, उशा लावून बसल्या बसल्या झोपायचं, हे सगळं तिने शाळेतल्या पोरीसारखं मुकाट केलं. शिंक आली की दारासारखं तोंड उघडून शिंकायची आणि लगेच गालाला हात लावून बघायची.

लंबू भेटायला आला. मऊ केळी घेऊन आला आणि ती हातात धरूनच उभा राहिला.

“बस की,” मी म्हटलं.

“मालकीणबाईंनी...” तो म्हणाला आणि थांबला.

“गोळा तुला करायला सांगितलाय,” बारकी दातांतून म्हणाली. “बोल ना. मला कानाला काही झालेलं नाही.”

“मी मागितला नव्हता.”

“माहितीये. मागितला असतास तर केळी फेकून मारली असती.” मग ती म्हणाली, “चांगला कर.”

तो गेल्यावर मी तिच्या खोलीत डोकावलो. माझी जुनी सरावाची नळी कोपऱ्यात असते, ती तिने मांडीवर घेतली होती आणि बोटांवर फिरवत होती. हळू, एका लयीत, टोकाला काच असावी तशी.

“तोंडाला लावली नाही,” मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली. “नुसती फिरवतेय.”

मी शेजारी बसलो. नळी फिरत राहिली. मला मन रिझवायचं बोलणं कधी जमलं नाही, म्हणून मी केळं सोललं आणि चमच्याने कुस्करायला घेतलं.

“आबा,” ती एकदम म्हणाली, “तुमची फुंक अजून येते का?”

“दात नाहीत एकही. पण फुंकायला दात कुठे लागतात?”

तिने नळी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. सुजलेल्या चेहऱ्यात डोळे चकाकत होते. तिच्या मनात काय आहे ते मला तेव्हाच कळलं.

डॉक्टरीणबाईंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, फुंकायचं नाही, बसून हात चालवायला हरकत नाही. मग आम्ही दोघं मालकीणबाईंपुढे जाऊन उभे राहिलो. बारकीची सूज उतरली होती, गालावर पिवळा डाग तेवढा राहिला होता.

मालकीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “आपल्याकडे ज्याचा नग तोच फुंकतो. तुझ्या आजोबांनी एवढे गोळे केले, कधी दुसऱ्याची फुंक घेतली नाही.”

“हात माझे, नजर माझी, कधी थांबायचं तेही मी सांगणार,” बारकी म्हणाली. “आबा फक्त हवा देतील.”

“आणि वजन? तो गोळा नळीसकट केवढा जड होतो, ठाऊक आहे ना?”

“वजन मी धरतो,” मागून लंबू म्हणाला. आम्हाला तो आलेला कळलाही नव्हता. “हिच्या नाकाने शिट्टी वाजली तेव्हा हसलो होतो. तेव्हापासून माझा एक पेला धड उतरत नाहीये.”

मालकीणबाई हसल्या नाहीत, पण चष्मा परत लावला. “एकदा करून बघा. नाही जमलं तर लंबू बाकावर बसेल, आणि मग कुणी तोंड पाडायचं नाही.”

मोठ्या भट्टीपुढे मी कित्येक वर्षांनी उभा राहिलो. तिची धग तशीच, आधी भुवयांना लागणारी. बारकी बाकावर बसली. बाकाला दोन्ही बाजूंना लांब लोखंडी दांडे असतात, त्यांवर नळी आडवी ठेवून एका हाताने फिरवत राहायची आणि दुसऱ्या हातात ओल्या कागदाची जाड घडी घेऊन काचेला आकार द्यायचा. कागद भिजवायला बाकाशेजारी पाण्याची बादली. मी नळीच्या दुसऱ्या टोकाला बुटक्या तिवईवर. ही जागा मला नवी होती. तिथून काच धड दिसत नाही, मध्ये बाकावरच्याचे हात येतात.

लंबूने रस घेतला, त्यावर पुन्हा घेतला, आणि नळी बाकावर आणून टेकवली. काच मधासारखी सुस्त आणि नारिंगी होती. बारकीच्या हातातल्या कागदातून वाफ निघाली.

“आता फुंका, आबा. थोडीच.”

मी फुंकलं. ओठांना लोखंड लागलं आणि माझे गाल आपोआप कामाला लागले. असे गोळे मी किती केले असतील. केव्हा किती हवा जाते ते मला झोपेतही माहीत. मी मान लांब करून तिच्या कोपराखालून बघत होतो, आणि गोळा उघडताना दिसला तशी मी आणखी हवा दिली.

“बस, आबा.”

मी आणखी थोडी दिली. तिथे ती लागतेच.

“आबा, थांबा!”

गोळा फुगला, सुरेख फुगला. मी ओठ काढून बघितलं आणि म्हटलं, “बघ!”

बारकीने बघितलं. मग ती लंबूला म्हणाली, “काढून टाक.”

लंबू माझ्याकडे बघायला लागला.

“काढून टाक म्हणतेय ना.”

त्याने नळी उचलली, भंगाराच्या पेटीवर नेऊन ठोकली, आणि गोळा आत पडून फुटला. कारखान्यातले सगळे हात थांबले.

“चांगला होता तो!” मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“चांगला होता. पण तुमचा होता.”

“म्हणजे?”

“मानेकडची काच तुम्ही ओढलीत, आबा. रस मऊ असताना मोठी फुंक दिली की ती ओढली जाते. पुलावरच्या तुमच्या सगळ्या गोळ्यांची मान बारीक आहे. वादळात फुटला त्याचे तुकडे मी गोळा करून जुळवून बघितले. तडा मानेपासून गेलाय.” ती श्वास घ्यायला थांबली. तोंड पूर्ण उघडत नसल्यामुळे शब्द चेपून येत होते, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. “मला मान जाड हवीय. खांद्यापर्यंत जाड. म्हणून पहिली फुंक उशिरा, आणि एवढीशी. मी म्हणेन तेव्हा, आणि मी म्हणेन तितकीच.”

एवढ्या वर्षांत माझ्या गोळ्यांबद्दल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे कान तापले, आणि ते काही भट्टीमुळे नव्हे. मनात मी ते गोळे एकेक करून पाहिले. आणि बारकी बरोबर बोलत होती. हात लावून बघितल्यासारखी मला ती बारीक मान जाणवली.

“हे मला आज सांगतेस?” मी म्हणालो.

“आजवर तुम्ही माझ्या नळीवर नव्हता.”

आता खरं सांगतो. राग आला होता तो तिथल्या तिथे विरघळला आणि छाती अशी भरून आली की फुंकायला जागा उरली नाही. तिला मी नळी धरायला शिकवली होती. माझ्या गोळ्यांचं व्यंग ओळखायला मी शिकवलं नव्हतं. ते मलाच माहीत नव्हतं.

“पण एकदाच म्हणाल्या होत्या मालकीणबाई,” लंबू हळूच म्हणाला.

मालकीणबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. “तो मी धरत नाही,” त्या म्हणाल्या. “तो आबांचा होता. हिचा अजून व्हायचाय.”

लंबूने पुन्हा रस घेतला. या वेळी मी तिवईवर बसलो आणि डोळे मिटून घेतले.

“फुंका, आ...”

“भट्टीपुढे अहो-जाहो करायला काच थांबत नाही,” मी डोळे न उघडता म्हणालो. “लंबूला सांगशील तसं सांग.”

ती जरा घुटमळली. नळी फिरतच होती, माझ्या ओठांना तिचा हलका कंप लागत होता.

“अजून नाही,” ती म्हणाली. मी थांबलो. माझ्या गालांना वाटत होतं की वेळ निघून गेली. कागद चुरचुरला, त्याचा जळका वास आला. “अजून नाही... आता. फुंक.”

मी फुंकलं.

“बस.”

मी थांबलो. हवा अर्धीच गेली होती. उरलेली मी गिळली.

लंबूने काच भट्टीत धरून पुन्हा तापवली, परत आणली. फुंक, बस. फुंक, बस. मध्ये कधीतरी बारकीचा आवाज बंद झाला. मी डोळे उघडले. तिचं नाक आक्रसलं होतं, डोळे मिटले होते. कागदाचा धूर नाकात गेला होता. नळी सोडावी तर काच लोंबून जाणार, तोंड दाबून शिंकावं तर टाका जाणार. लंबूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बारकीने जबडा उघडला. डॉक्टरीणबाईंकडेसुद्धा तो इतका उघडला नव्हता. आणि छप्पर हादरेल अशी शिंकली. डावा हात नळी फिरवतच राहिला. लय तसूभर चुकली नाही.

“फुंक,” ती म्हणाली, नाक पुसायच्याही आधी.

गोळा उघडला. मी तो डोळ्यांनी बघण्याआधी नळीत ओळखला. हवा सगळीकडे सारखी पसरत होती, कुठे पळत नव्हती. बघितला तेव्हा तो दुधासारखा पांढरा होत चालला होता, आणि मान बारकीच्या मनगटाएवढी भरीव.

“लंबू,” ती म्हणाली, “आबांचा ठसा आण.”

सगळ्यांचे ठसे भट्टीच्या तोंडाशी एका सळईला टांगलेले असतात, म्हणजे गरम राहतात. माझी चंद्रकोर इतकी वर्षं तिथेच होती, कुणी काढली नव्हती. लंबूने ती चिमट्याने काढून माझ्या हातातल्या चिमट्यात दिली.

“हे काय?” मी म्हणालो. “पान लाव.”

“पहिली फुंक तुमची होती. खूण तुमची.”

“अगं, मी नुसती हवा...”

“नियम आहे. मला न कमावलेली खूण नको, आबा. लावा, काच थंड होतेय.”

मी तिला ओळखतो. वाद घालत बसलो असतो तर गोळा बिनखुणेचा गेला असता, आणि तीही तशीच हट्टाने बसून राहिली असती. बाकाशेजारी कागद भिजवायची बादली होती. मी चिमटा उघडला. ठसा पाण्यात पडला आणि चर्रकन वाफ आली.

“आबा!”

“निसटला.”

“तुमच्या हातातून कधी काही निसटलंय?”

“म्हातारा झालो. आता ओला ठसा लावला तर काच तडकेल, हे तर तूच मला सांगशील.”

गोळा फिरत होता आणि त्याचा नारिंगी रंग उतरत होता. मालकीणबाई छपराकडे बघत होत्या, जणू तिथे काही नवीन बसवलं होतं. लंबूने सळईवरून पान काढलं आणि बारकीसमोर धरलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरा कुणी असतो तर पळालो असतो. मग पान घेतलं आणि मानेपाशी दाबलं. जाड काचेत ते खोल आणि स्वच्छ उमटलं, देठासकट.

“नियम मोडलात तुम्ही,” ती म्हणाली. आवाज जरा ओला होता.

“ओल्या ठशाचं नियमात काही नाही,” मी म्हणालो.

गोळा हळूहळू निवायला दुसऱ्या भट्टीत गेला. पुढे मोठी भट्टी विझली, दीड महिना सरला, डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं आणि बारकीला गाल फुगवायला सांगितलं. नाकातून शिट्टी आली नाही. “आता फुगे फुगवा,” त्या म्हणाल्या, “आणि पेलेही.” नवी भट्टी पेटेल तेव्हा तिच्यासमोरचा बाक कुणाचा हे मालकीणबाईंनी त्याच आठवड्यात सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

गोळा बसवायचा होता त्या सकाळी आम्ही पुलावर गेलो. सूनबाईही आली. नगरपालिकेचा माणूस शिडीवर चढला आणि गोळा पोटाशी धरून कण्हला.

“हा जड आहे हो बाकीच्यांपेक्षा!”

“मान जाड आहे त्याची,” मी खालून ओरडलो.

“कुणी केला?”

“माझ्या नातीने!”

पुलावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. बारकीने माझी बाही ओढली, पण मी थांबलो नाही. दाढेचं, शिट्टीचं, शिंकेचं सगळं त्या माणसाला सांगितलं. तो बिचारा वर लटकलेला, त्याला जाता येत नव्हतं.

“आणि तुम्ही काय केलंत, आजोबा?” त्याने विचारलं.

“मी? मी हवा भरली.”

त्याने पितळी पट्टी चढवली, पेच आवळले, आणि पान पट्टीखाली गेलं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर माझे गोळे होते, बारीक मानेचे. ते अजून उभे आहेत हेही काही थोडं नाही. उन्हात सगळे सारखेच पांढरे दिसत होते. कुठला कुणाचा ते तिथे आम्हालाच ठाऊक होतं.

परत येताना मी वर बघत चाललो होतो. कुणाच्या तरी खांद्यावर आदळलो.

“आबा,” बारकी म्हणाली, “समोर बघून चाला.”